निळा नळ गरम पाण्याचा

मॅडमच्या घरी निळ्या खुणेच्या नळाला गरम पाणी येई आणि लाल खुणेच्या नळाला गार. बेसा भागातलं घर बांधताना त्यांनी प्लंबरशी भांडून ते तसं करून घेतलं होतं. कॉलेजात पहिल्याच तासाला त्या हेच शिकवत: सगळ्यांत तापलेले तारे निळे, सगळ्यांत थंड ते लाल. पाहुणे बिचारे हात पोळून घेत. "आता जन्मात विसरणार नाही," मॅडम शांतपणे म्हणत.

ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हे ताऱ्यांचे वर्ग. ओ सगळ्यांत तप्त, एम सगळ्यांत थंड. मॅडम ते माणसांनाही लावत. मी चिडले की म्हणत, "तू एम आहेस वं. नुसती लाल होतेस, ताप काहीच नाही." मग मी आणखीच लाल होई.

निवृत्त झाल्यावरही हिवाळ्यातल्या संध्याकाळी मृग नक्षत्र बघायला त्या आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना गच्चीवर बोलावत. एके वर्षी त्यांनी जाहीर केलं की राजन्य पिवळा पडला. राजन्य हा मृगातला निळा तारा. मला तर तो होता तसाच दिसत होता! मॅडमनी नव्या इमारतींच्या दिव्यांना दोष दिला, धुळीला दिला. "मॅडम, तुम्हाला मोतीबिंदू झाला आहे," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या डोळ्यानं पाहिलेला तारा मी मानत नसते."

तीन हिवाळे मी डोकंफोड केली. बळेच नेऊन डोळे तपासून आणले, तरी आम्हाला उठताबसता पुरावा मागायला शिकवणारी ही बाई डॉक्टरांचा रिपोर्ट उघडूनसुद्धा पाहीना. अस्सा संताप यायचा! शेवटी पेपरातली अक्षरं दिसेनात, तेव्हा कुठे धरमपेठेत जाऊन एका डोळ्याचं ऑपरेशन केलं.

पुढे गच्चीवर गेलो, तेव्हा त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. जुन्या डोळ्याला राजन्य पिवळा, नव्याला निळा. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं. मग माझ्यावरच खेकसल्या, "मले आधी काहून नाही सांगितलं वं?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या डोळ्याची तारीख होळीनंतरची होती. त्याआधीच मॅडम गेल्या. थोडं आधी ऐकलं असतं तर दोन्ही डोळ्यांनी निळा पाहिला असता, हा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तेरवीला गेले. हात धुवायला सवयीने लाल नळ सोडला आणि बोटं पोळली. मॅडमच्या भाच्याने खुणा बदलून घेतल्या होत्या.

"लोकायचे हात भाजून राहिले होते ना ताई," बर्फ आणत तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मी तिथेच उभी राहून रडत त्याच्यावर ओरडले, "बर्फ राहू द्या. आधी ते नळ नीट करा."