पंपातलं चामडं

पंपातून पहिलं पाणी आलं तेव्हा दांडा मी मारत होतो. आधी गढूळ आलं, मग लालसर, मग स्वच्छ. मी सवयीनं हात पुढे केला. पंप बसवणारा पाणी तळहातावर घेऊन बघतो. रेती येते का, तेलाचा तवंग दिसतो का. मला एवढंच बघायचं होतं.

धारेखाली हात पोचायच्या आत त्यावर काठी बसली.

"हात काढ बे," पाटील म्हणाले. "तुले पंप बसवाले सांगतलं होतं. पानी प्याले नाई."

लोक हसले. फार मोठ्यानं नाही, नेहमी हसतात तसं. पाटलांच्या गड्यानं शेण कालवलेली बादली आणली. दांडा धुतला, तोटी धुतली, ओटा धुतला. जिथं जिथं माझा हात लागला होता ती प्रत्येक जागा धुतली. मग गावच्या बायांनी घागरी लावल्या.

मी पाना उचलून बाजूला झालो. हाताला वळ उठला होता. ओवरसियर साहेब तिथंच उभे होते. विकास योजनेच्या कचेरीतले, नागपूरकडे शिकलेले. ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आता वाद नको. पाहुणे येऊन जाऊ देत. मग मी पाटलांशी बोलतो."

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, एकट्या त्याच गावात असं होतं. मानोऱ्याच्या बाजाराला पायी जाता येतं, एवढं सांगतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा अकोल्यातला एक तालुका होता.

आम्ही चांभार. माझा बाप मोटा शिवायचा. बैल जुंपून विहिरीचं पाणी शेताला काढायची ती चामड्याची मोट. गावातल्या निम्म्या मळ्यांवर बापाच्या हातची मोट होती. मी सातवी पास झालो होतो आणि कातडं कापायलाही शिकलो होतो. मला काम मिळालं ते सातवीमुळे नाही, कातड्यामुळे.

पंप परदेशातून आले होते. दान म्हणून. लाकडी पेट्या, त्यावर इंग्रजी अक्षरं, आत पेंढा आणि त्यात गुंडाळलेलं लोखंड. पंपाच्या नळीत खाली एक चामड्याचा वायसर असतो, वाटीच्या आकाराचा. दांडा दाबला की तोच पाणी वर ओढतो. पेटीतले वायसर कचेरीच्या पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे पडून होते. वाळून पापड झाले होते. ओवरसियर साहेबांनी पहिला पंप बसवला तेव्हा थेंब वर आला नाही. त्यांनी सगळं उघडलं, परत बसवलं, पुस्तक वाचलं, परत उघडलं. मी बघत उभा होतो. म्हणालो, "साहेब, कातडं मेलं हाये. म्हशीचं नवं कापून तेलात मुरवा लागते." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोजंदारीवर.

आमच्या गावची विहीर नवी होती. श्रमदानातून खणलेली, वर सिमेंटचं झाकण आणि त्यावर पंप. श्रमदान म्हणजे खाली उतरणारे आमच्या आळीचे आणि महारवाड्याचे. वरून दोर ओढणारे आणि भाषण करणारे बाकीचे. पाणी लागलं तेव्हा आमचीच माणसं त्यात गुडघाभर उभी होती. तेच पाणी प्यायली होती. झाकण बसलं आणि पाणी बदललं.

पंपात चामडं असतं हे गावाला कळलं तेव्हा मारुतीच्या पारावर बैठक बसली. असं पाणी देवाला चालतं का, माणसाला चालतं का. दोन दिवस बोलणं चाललं. शेवटी जोशीबुवांनी निकाल दिला, "मोटेचं पानी चालते, तं पंपाचं काहून नाई? वाहत्या पान्यानं चामडं शुद्ध होते."

मी घरी येऊन हे गिरजाआत्याला सांगितलं. ती बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मग आमच्याकडेच राहिली. माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हैस मेली, तिचं कातडं निंघालं, तवा शुद्ध झालं. आपलंबी तसंच व्हईल. तू घाई नोको करू, बापू."

ती अशी बोलायची. बोलताना तिचा डावा पाय पुढं पसरलेला असायचा. पायाला नारू होता. आजच्या पोरांना नारू माहीत नाही. तो किडा पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघायचा. मग त्याला काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर ओढायचं. फार सावकाश. आत तुटला तर पाय सडायचा. आम्ही नाल्याच्या डोहातलं पाणी प्यायचो. ढोरं तिथंच, बाया-माणसं तिथंच, पाय घालूनच घागर बुडवायची. पंप त्या नारूसाठीच आला होता. कचेरीच्या भिंतीवर तसं चित्रच लावलं होतं. आमच्या आळीत पाचसहा जणांच्या पायांत काड्या होत्या. पंप आळीपासून हाकेवर.

हिवाळ्यात पाहुणा आला. पंप देणाऱ्यांचा माणूस. आदल्या दिवशी ओवरसियर साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. "तुला विचारतील. तू त्या आळीतला आहेस म्हणून तुलाच विचारतील. हो म्हण. पुढं आणखी पंप येतील. तुझीही कायमची सोय होईल. गाव असंच सुधारतं, हळूहळू."

पाटलांनी मुलाचा धुतलेला सदरा पाठवला. मी तो घातला.

पाहुणा उंच होता, मान उन्हानं लाल झालेली. तो वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण सगळा दोष त्या परक्यावर टाकणं सोपं आहे. तो ओट्याजवळ उकिडवा बसला, पंपाचे बोल्ट हातानं चाचपले, आणि बरोबर तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता. ओवरसियर साहेबांनी मराठीत सांगितला, "साहेब विचारतात, तुमच्या वस्तीतल्या बाया इथून पाणी नेतात का?"

मी म्हणालो, "हो. नेतात."

त्यानं पुन्हा विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून. त्याला काहीतरी जाणवलं असावं. मी पुन्हा म्हणालो, "पंप सर्वांचा आहे."

मग पाटलांनी स्वतः दांडा मारला. मी ओंजळ धरली आणि प्यालो. फोटो निघाला. पाणी गोड होतं. तेही लिहितो. एका इंग्रजी कागदाखाली मी मराठीत सही केली. पाहुण्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. पाटील हसत होते. ओवरसियर हसत होते. मीही हसलो असेन. फोटोत असेल ते.

आमच्या आळीला त्या दिवशी बाहेर पडू नका असं सांगितलं होतं. पण बातमीला कोण कोंडणार. मी घरी पोचलो तर आत्या दारातच बसलेली.

"खरंच प्याला?"

"प्यालो."

"अन् पाटलानं दांडा मारला?"

"मारला."

ती खूप हसली. इतकी, की पायाला हिसका बसून कळवळली आणि पुन्हा हसली. "मंग उद्या मीबी जाईन. माह्यासाठी पाटलानं दांडा नाई मारला तरी चालते. माह्या हातानं मारीन."

तेव्हा सांगायला हवं होतं. भाकरी समोर होती. मी ती खाल्ली.

सकाळी मी पंपावरच होतो. ओट्याचा कोपरा उकलला होता, तो बुजवत होतो. पाटील समोरच्या ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. घागरींची रांग लागली होती. आत्या आली. डाव्या पायाला फडकं बांधलेलं, त्यात ती काडी. कमरेवर मडकं.

पाटलांच्या गड्यानं हटकलं. "ओ म्हातारे, कुठं चालली?"

"पानी भराले."

"कोनाच्या पंपावर?"

"सर्वायच्या," आत्या म्हणाली. "माह्या भाच्याले इचार. काल साह्यबापुढं त्यानंच सांगतलं."

रांगेतल्या सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. पाटलांनी तंबाखू दाढेत धरली.

"काय गा मिस्तरी," ते म्हणाले, "सांग तुह्या आत्याले."

त्यांनी मला तोवर कधी मिस्तरी म्हटलं नव्हतं. बे, अबे, चांभाराचा, एवढंच. तो एक शब्द मला दिला आणि तेवढ्यावर माझं भागलं. मी थापी खाली ठेवली. म्हणालो, "आत्या, ते पाव्हन्यासाठी होतं. घरी जाय."

हेच शब्द. यात एकही कमी-जास्त नाही.

आत्यानं आरडाओरडा केला नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "असं व्हय." ती वळत होती. वळतच होती, तरी गड्यानं मडक्याला हिसका दिला. ती ओट्याच्या कडेवर पडली. मडकं फुटलं. पायाचं फडकं सुटलं आणि काडी त्याच्याबरोबर निघून आली. काडीला आखूड तुकडा लोंबत होता. बाकीचा नारू आत.

मी तिला पाठीवर घेऊन घरी आणलं. पाय तिसऱ्या दिवशी टम्म सुजला. मग पिकला. वैदू झाला, वाशीमचा दवाखाना झाला. जीव वाचला, पण गुडघा वाकला तो सरळ झाला नाही. पुढची सगळी वर्षं ती बसून सरकत घरभर फिरली. एकदा मी बोलायला गेलो, "आत्या, त्या दिवशी मी..." ती म्हणाली, "पानी दे." मी डोहातलं पाणी दिलं. तिनं ते प्यायलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

चैत्रात पंप बंद पडला. वायसर झिजला होता. ओवरसियर साहेब जीपनं आले. पुन्हा पाहुणे येणार होते, आता मोठे, दोनचार जण, त्याच पंपावर. मी नवा वायसर तेलात मुरवून घेऊन गेलो. पाटील होते, गडी होता, निम्मं गाव होतं. मी पंपाला हात लावला नाही.

म्हणालो, "पयले आमच्या आळीतल्या बाया पानी भरतीन. रोज. पाव्हने गेल्यावरबी. मंग बसवतो."

"तू आमाले अट घालून राह्यला काय बे?" पाटील म्हणाले.

"हो."

"अन् तुही नोकरी?"

"ठेवा तुमच्यापाशी."

ओवरसियर साहेब मध्ये पडले. "अरे, मशीनला जात नसते. तू शिकलेला माणूस. आपलं काम कर."

मी वायसर त्यांच्यापुढं धरला. "तं मंग तुमीच बसवा, साहेब. घ्या."

त्यांनी तो बघितला. ओला, तेलकट, म्हशीच्या कातड्याचा. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. मी तो ओट्यावर ठेवला, शेजारी पाना ठेवला, आणि निघालो. मागून कुणी काठी मारली नाही.

नोकरी गेली. बापाला मोटेचं काम मिळेना, त्याला मंगरूळच्या बाजारात वहाणा घेऊन बसावं लागलं. पाहुण्यांना दुसऱ्या गावी नेलं. आमच्या गावानं झाकणाची खिडकी उघडून बादली सोडली आणि पंप तसाच गंजत राहिला. माझ्या नकारानं आमच्या आळीला घागरभर पाणी मिळालं नाही. आमची विहीर पुष्कळ वर्षांनी झाली, आणि तोवर गिरजाआत्या नव्हती.

आता जे सांगायचं ते सांगतो. गेली कित्येक वर्षं गावात जयंतीला मला मंचावर बसवतात. पोरं म्हणतात, "आबा, ते ओवरसियरचं सांगा." मी सांगतो. हात पाठीमागे गेले इथं आलो की टाळ्या पडतात. शाल, नारळ. मी गोष्ट नेहमी चैत्रापासून सुरू करतो. हिवाळा वगळतो. त्या दिवशी पंपाजवळ असलेले सगळे गेले. पाटील गेले, गडी गेला, रांगेतल्या बाया गेल्या. मी वगळलेलं कुणाला आठवणार नाही अशी माझी सोय झाली आहे.

काठी पाटलांची होती, ती त्यांच्या नावावर. मडकं गड्यानं फोडलं, ते त्याच्या. पण आत्याला घरी जा म्हणणारं वाक्य पाटलांचं नव्हतं. आणि तो कागद दूरच्या कुठल्या देशात कुठल्या तरी कपाटात अजून असेल. त्यावर माझी सही आहे. तो वाचून कुणीतरी समाधानानं मान हलवली असेल, आणि आणखी गावांना तसेच पंप गेले असतील. तिथंही धुतलेला सदरा घालून कुणीतरी उभा राहिला असेल.

या वर्षी मला पुन्हा बोलावणं आलं आहे. मी जाणार आहे. शाल घेणार नाही. आधी हिवाळा सांगेन, गिरजाआत्याचं नाव घेऊन, माझं वाक्य जसंच्या तसं. त्यानंतर टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांनी ठरवावं. क्षमा मागणार नाही. ती देणारी एकच होती आणि तिनं दिली नाही.

आणि गावात कुणी परका वही घेऊन आला, नळ सगळ्यांना आहे का, संडास सगळ्यांना आहे का, असं मला विचारू लागला, तर मी उत्तर देणार नाही. त्याला हाताला धरून आळीच्या शेवटच्या घरी नेईन. तिथल्या बाईपुढं उभा करीन. म्हणेन, हिला विचार. आणि ती बोलेपर्यंत मधे कुणालाही बोलू देणार नाही. मीसुद्धा नाही.