डोक्यापेक्षा उंच पाठ

मी पदवीधर झालो तो थोरल्या बहिणीमुळे, सखुआक्कामुळे. पुढे संगणक घेऊन घरीच टायपिंगची कामे करू लागलो आणि वर्षभरात पाठ धरली. बसवेना. कामे परत जाऊ लागली, तेव्हा खुर्ची घ्यायला हिंगोलीला गेलो.

दुकानदार स्वतः बिनपाठीच्या स्टुलावर बसून खुर्च्यांवरचे प्लास्टिक बाहीने पुसत होता. मी दुखणे सांगितले.

"हुद्दा काय तुमचा?"

"घरीच काम करतो."

तो हिरमुसला. त्याच्याकडे कारकुनाला खांद्यापर्यंत पाठ मिळे, साहेबाला डोक्याच्या वर.

"बसून पाहू का?"

"प्लास्टिक चुरगळंल ना भाऊ! बसून पाहून कुणी खुर्ची घेतंय व्हय? लोकायला दिसलं पाहिजे, कुणाचं लेकरू खुर्चीत बसून राहिलं ते."

भाऊ साहेब झाला, असे गावभर सांगणारी आक्का मला आठवली. मी साहेबाची घेतली.

महिन्याने तिला लिहिले: "आक्का, खुर्चीत पाहुणे बसतात आणि मला साहेब म्हणतात. मला ती मोठी होते, म्हणून मी सतरंजीवर टायपिंग करतो. पाठ तशीच आहे. ती खुर्ची विकतोय, सुताराकडून माझ्या मापाची करून घेतो. गावात कुणी विचारलं, तर साहेब म्हणू नकोस. टायपिंग करतो म्हण. तेही तुझ्यामुळेच येतं."