मास्टर आणि ती पेनल्टी

तोंडात टाचण्या धरून बोलायची मास्टरांना सवय होती. शब्द सरळ बाहेर यायचा नाही, ओठाच्या एका कोपऱ्यातून घसरत यायचा. मशीनवर तेलाची कुपी, कुपीला टेकून उभा केलेला मोबाइल आणि मोबाइलवर फुटबॉल. मॅचमध्ये शिट्टी वाजली की मास्टर पायडलवरचा पाय काढायचे, चाक हातानं थांबवायचे आणि म्हणायचे, "म्हेइमानी!"

म्हणजे बेइमानी. टाचण्यांमुळं पहिलं अक्षर तोंडातच राहायचं.

तुमच्याही गावात असा एखादा शिंपी असेल. आमच्या वसमतला शिंप्याला मास्टर म्हणतात, तसं यांनाही सगळे म्हणायचे. तरणी पोरं चाचा म्हणायची. मैदानाच्या रस्त्याला त्यांचं एका शटरचं दुकान होतं. मी त्यांच्याकडची काज-बटणं आणि तुरपाई करायचे. हे काम घरी नेऊनही करता येतं. पण आमचे मालक वारल्यापासून घरात कुणाचा आवाज नाही. म्हणून मी दुकानातच पडद्यामागं पोतं टाकून बसायचे. मला बोलायला जमत नाही, चार माणसांसमोर तर नाहीच. मास्टर बोलायचे, मी ऐकायचे. दोघांचंही भागत होतं.

त्यांची बायको फार आधी गेली. लेक निजामाबादला दिलेली. मोबाइलवर ते जी टीम हरत असेल तिच्या बाजूनं व्हायचे. कधी आफ्रिकेतला एखादा देश, कधी कुठली तरी विलायती टीम, जिचं नाव त्यांनाही नीट घेता यायचं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "मास्टर, हरणाऱ्याच्याच बाजूनं काहून?"

"जिंकणाऱ्याला आपली काय गरज हाय ताई? त्याच्याकडं मायंदाळ लोक हायेत."

रेफरींबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. रेफरी बाहेरगावचा असला की तो वसमतवर खार खाणार. आणि आपल्याच भागातला असला की लोक नाव ठेवतील म्हणून भिऊन समोरच्याला देणार. म्हणजे कसंही करून वसमतवर अन्याय ठरलेला. टीव्हीवाल्यांनाही ते सोडत नसत. "मोठ्या टीमचा मानूस पडला की फिरवून फिरवून दाखवतात. लहान्या टीमचा पडला की लगेच जाहिरात."

पेपर आला की मास्टर मागच्या पानापासून वाचायला घ्यायचे. आमच्या गावची स्पर्धा झाली की तिच्याबद्दल एखादी ओळ कुठं तरी कोपऱ्यात सापडायची. तीही चुकीची. एकदा तर हरलेल्या टीमलाच विजयी करून टाकलं होतं. मास्टर पेपर नाकाजवळ नेऊन म्हणाले, "क्रिकेटवाल्याला शिंक आली तर फोटो. आमी कप जिंकला तर 'इतर निकाल'. अन् त्यात बी उलटं!" मग इतके हसले, की टाचण्या मांडीवर सांडल्या.

हसत असले तरी एका बाबतीत ते फार हळवे होते. एका वहिनींच्या ब्लाऊजच्या बाह्या आखूड झाल्या. वहिनी दुकानात येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "मास्टर, कपडा मारला न तुमी?" मास्टर उठले. उरलेल्या कतरणीचं गाठोडं सोडलं, त्या ब्लाऊजचे सगळे तुकडे शोधून काढले आणि टेबलावर एकाला एक लावून पूर्ण कपडा मांडून दाखवला.

"मी चुकलो, वहिनी. माप घ्यायला चुकलो. नवा पीस आनून देतो. पण चोर म्हनू नका."

वहिनी ओशाळल्या. "अहो, मी तर गमतीनं म्हटलं."

त्या दिवशी मास्टरांनी मोबाइल लावला नाही.

मागल्याच्या मागल्या थंडीत आमच्या मैदानावर फायनल झाली. आमचा क्लब आणि नांदेडकडची एक टीम. रेफरी औंढ्याकडच्या एका खेड्यातला होता, किडकिडीत, तरुण, शाळेत शिकवणारा. मॅच संपत आली तरी गोल होईना. तेवढ्यात आमचा एक खेळाडू त्यांच्या गोलसमोर पडला. रेफरीनं शिट्टी वाजवली, पेनल्टी दिली आणि आम्ही जिंकलो. फटाके फुटले, ढोल-ताशा निघाला.

मी दुकानात होते. वरात रस्त्यानं चालली होती आणि मास्टर एकटेच तिच्या उलट्या बाजूनं येत होते. येऊन मशीनवर बसले, पण पाय चालेना.

मी म्हटलं, "मास्टर, आपण जिंकलो न?"

"जिंकलो."

"मग?"

"तो पडला, ताई. कुनी पाडला न्हाई. मी जाळीच्या मागंच बसलो होतो." मग म्हणाले, "जिंदगीभर ज्याच्या नावानं बोंबललो, तेच आज आपल्या ताटात वाढलं. गिळंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवरच्या बातम्या करणारा एक पोरगा माइक घेऊन आला. गावातले जुने शौकीन म्हणून मास्टरांची मुलाखत हवी होती. मास्टरांनी टाचण्या काढून त्यांच्या लहानशा गादीत खोचल्या, टोपी नीट केली. मी पडद्यामागं होते. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

मास्टर म्हणाले, "बेइमानी झाली, बेइमानी झाली, असं म्हनायची आमाला सवयच हाय बगा. मी बी तेच म्हनत आलो. पण काल बेइमानी न्हाई झाली. चूक झाली. पोराच्या पायाला कुनी शिवलं बी न्हाई, ते आपल्या आपन पडलं. रेफरीला तिथून दिसलं न्हाई. मानूस हाय, चुकला. त्याला बोल लावू नका. पण कप आपल्या हक्काचा न्हाई. परत खेळा म्हनतो मी."

"एकदम मस्त, चाचा," म्हणून पोरगा गेला.

दुपारी तेच सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, रेफरी विकला गेला? खाली मास्टर बोलत होते, "बेइमानी झाली, बेइमानी झाली. पोराच्या पायाला कुनी शिवलं बी न्हाई. कप आपल्या हक्काचा न्हाई." मधलं सगळं काढून टाकलेलं. तोंड मास्टरांचं, आवाज मास्टरांचा, आणि बोलणं मात्र मास्टरांचं नाही.

मास्टरांनी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. मग पडद्याकडं वळून विचारलं, "ताई, तुमी ऐकलं होतं न?"

"व्हय. सगळं ऐकलं."

"बास," म्हणाले, आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

क्लबचे सेक्रेटरी संध्याकाळी चार-पाच जणांना घेऊन आले. नव्या जर्सीचं कापड शिवायला दिलं होतं, ते परत मागितलं. "चाचा, आपल्याच ताटात माती कालवली तुमी. नांदेडवाले फोन करून हसून राहिले आमाला." मास्टरांनी गठ्ठा बांधून दिला. मी पडदा सरकवून पुढं आले. इतक्या माणसांसमोर कधी बोलले नव्हते, पण बोलले, "त्यांनी तसं म्हटलं न्हाई. मी इथंच होते."

सेक्रेटरी हसले. "अहो ताई, व्हिडिओत दिसून राहिलं न डोळ्यानं! तुमी बटनं लावा."

मास्टर माइकवाल्या पोराकडं गेले, पूर्ण मुलाखत दाखव म्हणून सांगायला. पोरगा वाईट नव्हता, चहा पाजला त्यानं. म्हणाला, "चाचा, पूरा कोन बघतं आता? अन् माझा मोबाइल भरला होता, मी डिलीट करून टाकलं." मास्टर परत आले ते मला विचारत, "ताई, डिलीट म्हंजे कतरण बी राहत न्हाई का?"

मी म्हटलं, "न्हाई राहत."

मग कळलं, की त्या रेफरीला स्पर्धांना बोलावणं बंद झालं. मास्टरांनी दुकान बंद ठेवलं, एसटी धरली आणि त्याच्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं, पण काम करता करता, माझ्याकडं न बघता. रेफरीच्या बायकोनं पाणी दिलं, पण ती दारातच उभी राहिली. रेफरी शाळेतून आला, मास्टरांना ओळखलं आणि बाजेवर दूर बसला.

"मी म्हटलं, पोरा, मी तुला विकला गेला म्हटलं न्हाई. त्यो म्हनला, चाचा, तुमी चांगलंच बोलला असाल. पण वर्गात लेकरं मला पाहून शिट्टी वाजवतात, अन् नोटा मोजल्यासारखी बोटं करतात. सासऱ्यानं बी विचारलं, किती भेटले म्हनून." मास्टरांनी दोरा तोडला. "मी म्हटलं, तुला खरंच दिसलं का पाय लागलेला? म्हनला, मला तर लागलेलाच दिसला. आज बी डोळे मिटले तर लागलेलाच दिसतो. आता बोला, ताई."

मी सुईत नवा दोरा ओवायला घेतला.

निघताना मास्टरांनी त्याला विचारलं, मी काय करू सांग. तो म्हणाला, माझ्या दारात सांगून काय उपयोग? जिथं माझं नाव गेलं, तिथं सांगा.

त्यानंतर दुकानात येणं-जाणं कमी झालं. शिवायला येणारी माणसं यायची, पण बसायची नाहीत. नमाजाहून येताना घोळक्यात असायचे ते मास्टर आता एकटे मागून यायचे. मैदानावरही जाळीमागची त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली. मोबाइल तेलाच्या कुपीला टेकलेला असे, पण बंद. दुकानात मशीनचा आवाज आणि माझ्या कात्रीचा. मला वाटायचं, मी तरी काही बोलावं. दिवसभर वाक्य जुळवायचे आणि संध्याकाळी तसंच घरी घेऊन जायचे.

लेक निजामाबादहून बोलवत होती. मास्टर म्हणायचे, "स्पर्धा होऊ दे. मग येतो."

पुढची फायनल आली. आदल्या दिवशी ते कमिटीकडं गेले आणि फक्त दोन शब्द बोलायला लाउडस्पीकरचा माइक मागितला. सेक्रेटरी म्हणाले, "चाचा, झालं गेलं उकरू नका. चांगला कार्यक्रम हाय."

माझ्या घराचं मागलं दार मैदानाच्या भिंतीला लागून आहे. भिंत तिथं पडलेली आहे, त्यामुळं पायरीवरून सगळं मैदान दिसतं. त्या बाजूला कुणी बसत नाही. शेजाऱ्यांच्या म्हशी आणि उकिरडा. मी पायरीवर बसून हळदीचे गड्डे निवडत होते. मधली सुट्टी झाली, खेळाडू पाणी प्यायला कडेला गेले आणि मोकळ्या मैदानात मास्टर चालत येताना दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, चपला हातात. मैदानाच्या मधोमध येऊन त्यांनी चपला खाली ठेवल्या.

मग तोंडाला दोन्ही हात लावून ते बोलायला लागले.

लाउडस्पीकरवर गाणं चालू होतं. एक शब्द ऐकू येईना. आधी मंडपाकडं तोंड करून बोलले. लोकांना वाटलं, काही तरी गंमत आहे. शिट्ट्या सुरू झाल्या, मोबाइल वर झाले, कुणी तरी ताशा बडवला. मास्टर थांबले नाहीत. पूर्ण बोलून झाल्यावर शाळेच्या बाजूला वळले आणि तेच पहिल्यापासून बोलले. मग रस्त्याच्या बाजूला वळले. तोपर्यंत टीम मैदानात उतरल्या होत्या. सेक्रेटरी धावत आले आणि मास्टरांचा दंड धरायला हात पुढं केला.

त्या दिवशीचा रेफरी नवा होता, कुठला ते मला माहीत नाही. शिट्टी तोंडात घालून तो मधोमध आला होता. त्यानं सेक्रेटरींना हातानंच थांबवलं. मास्टरांकडं पाहिलं. शिट्टी तोंडातून काढून मुठीत धरली आणि दोन पावलं मागं सरून उभा राहिला.

मास्टरांची आता माझीच बाजू राहिली होती. इकडं कुणी नव्हतं, म्हशी होत्या आणि मी. तरी ते वळले. गाणं मधेच थांबलं होतं, की वारं इकडचं होतं, ठाऊक नाही, पण त्यांचा चिरकलेला आवाज मला स्पष्ट आला.

"मागल्या सालचा रेफरी चुकला होता! विकला गेला न्हवता! मी तवा बी हेच म्हटलं होतं!"

मी उठून उभी राहिले. सुपातली हळद सांडली. मी हात वर केला, जितका वर जाईल तितका. त्यांना दिसला का नाही, कोण जाणे. त्यांची नजर दूरचं धरत नव्हती.

त्यांनी चपला उचलल्या आणि निघाले. पाय ओढत चालायचे ते, मैदान लांबलचक. लोक ओरडत होते, खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते, सेक्रेटरी मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. रेफरी शिट्टी मुठीत धरून मास्टरांच्या पाठीकडं बघत राहिला. मास्टर चुन्याच्या रेघेपर्यंत गेले, रेघ पुसू नये म्हणून पाय उचलून पलीकडं ठेवला, मग दुसरा ठेवला. तेव्हा त्यानं शिट्टी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर शटर खाली होतं. माझं काम राहिलेला एक शिवलेला कुर्ता आणि बटणांची पुडी शेजारच्या पानवाल्याकडं ठेवली होती. पानवाला म्हणाला, मास्टर पहाटेच्या एसटीनं लेकीकडं गेले, तुमाला सलाम सांगितला. मी तो कुर्ता घरी आणला आणि पायरीवर बसून सगळी काजं करून टाकली. तो कुणाचा होता, ते मात्र अजून कळलं नाही.