मधल्या सुट्टीपर्यंत रिकामी चौकट

बोरसे सर मधली सुट्टी होईपर्यंत कुणाचीही गैरहजेरी मांडत नसत. नवागामच्या आमच्या मराठी शाळेत हजेरी संगणकावर आली, तरी ही सवय सुटली नाही. आलेल्या पोरापुढे 'ह' टाकायचा, न आलेल्याची चौकट रिकामी ठेवायची. मी मुख्याध्यापक, कुरकुरलो की म्हणत, "सर, त्याची माय पहिल्या पाळीला जाते. धाकट्याला सांभाळून येईल ते. वाट पाहिल्याबिगर खाडा मांडू नये." खाडा हा लूमवरचा शब्द. सरांचे वडील उधन्यात यंत्रमागावर कारागीर होते.

उशिरा आलेलं पोर दारात दिसलं की सर ओरडायचे, "या शेठ! गाडी पंक्चर झाली का?" शेठच्या पायात चप्पलही नसायची. वर्ग हसायचा, पोरही हसायचं आणि जागेवर जाऊन बसायचं.

टक्केवारीचं सूत्र त्यांना मीच शिकवलं. हजर दिवस मोजायचे, कामाच्या दिवसांनी भागायचे. सूत्र खाली ओढलं की सगळ्या वर्गाचे टक्के धडाधड उतरायचे. सर चष्मा वर करून म्हणायचे, "हे बरंय. पोराचं तोंड न पाहता त्याचं वर्ष ठरतं."

दहावीला बसणाऱ्यांची यादी पाठवायच्या आदल्या दिवशी त्यांचा तक्ता मी उघडला. नावं अकारविल्हे हवी होती. मी फक्त नावांचा रकाना निवडून क्रम लावला. नावं हलली, हजेरी होती तिथेच राहिली. एकाचे दिवस दुसऱ्याच्या नावावर गेले. मला ते दिसलं नाही. यादी गेली, आणि टक्के कमी म्हणून आशा नावाची मुलगी परीक्षेतून बाद झाली.

सर धावत आले. घाईत ते अहिराणीवर जात. "सर, ती पोर रोज येस! मी रोज देखस!"

"मग तक्ता कुणी भरला, मी?" सगळ्या शिक्षकांसमोर मी म्हणालो. "तुम्ही वर्गात झोपता की काय?"

ते गेल्यावर मी तक्त्याची जुनी प्रत उघडली आणि चूक माझीच असल्याचं पाहिलं. दुरुस्तीचं पत्र दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. पण नुकताच चारचौघांत बोललो होतो. मी संगणक बंद केला.

आशाच्या वडिलांनी तिला साड्यांचे धागे कापायला बसवलं. सर पुस्तकं घेऊन तिच्या घरी जात राहिले. ती परत आली नाही. शाळेत मात्र 'बोरसेंचा तक्ता' ही थट्टा होऊन बसली.

निवृत्त होऊन ते गावी निघाले, तेव्हा उधना स्टेशनवर मी सोडायला गेलो. बाकावर ते सहज म्हणाले, "सर, नावं सरकली होती. त्याच उन्हाळ्यात जुनी प्रत पाहिली तेव्हा समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीचं वर्ष तर गेलंच होतं. म्हटलं, तुम्हीच सांगाल. वाट पाहिली."

भुसावळची गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. तेवढंच केलं.

परवा शाळेत त्यांची शोकसभा झाली. एक तरुण शिक्षक म्हणाला, "सर फार प्रेमळ. फक्त कॉम्प्युटर काही जमला नाही."

मी उभा राहिलो. "तो तक्ता मी बिघडवला होता."

कुणीतरी मायेने माझा हात धरला. "बसा सर. मित्राचा दोष अंगावर घेता, तुमचं मनच मोठं."

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. बोरसे सरांनी माझी चौकट शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती. मी पोचलो तेव्हा शाळा सुटून गेली होती.