पहिल्या ओळीतले साहेब

वजनकाट्यावर उसाची वाहनं खोळंबली होती आणि सर्व्हरवर चेअरमनसाहेब पहिल्याच ओळीत अडकले होते.

मी सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. राहते कोल्हापुरात, सर्व्हर सांभाळते जिल्हाभरच्या संस्थांचे. हा साखर कारखाना कुठला ते सांगत नाही, कारण पुढचं काम त्यांच्याकडूनच यायचंय. जुन्या सर्व्हरनं पावसाळ्यात मान टाकली होती. नव्यावर कर्मचाऱ्यांची नावं चढल्याशिवाय काट्यावरच्या क्लार्कला लॉगिन नव्हतं. लॉगिन नाही तर वजन नाही. आणि तोडलेला ऊस उन्हात वाळला की वजन घटतं, ते शेतकऱ्याच्या पदरातून जातं. हंगामाचा पहिलाच दिवस आणि ऊन मी म्हणत होतं.

काम तसं सोपं. कोण कर्मचारी, कुठल्या विभागात, त्याचा लॉगिन काय, ही सगळी माहिती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. त्या माहितीला डिरेक्टरी म्हणायचं. ती डेटाबेसमध्ये चढवायला कमांड-लाइन टूल असतं, म्हणजे काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम. त्याला बटणं नसतात, चित्रं नसतात आणि ओळखपाळख तर मुळीच नसते. त्याचा हट्ट एकच. आधी कारखाना, मग त्याखाली विभाग, मग विभागात माणसं. वरचा येण्याआधी खालचा आला, तर टूल तिथंच थांबतं.

आदल्या दिवशी दुसऱ्या कॉम्प्युटरवर मी चाचणी घेतली होती. फाइल सरळ चढली. पण कारखान्यात मंजुरीशिवाय पंखासुद्धा फिरत नाही. साहेबांचे पीए तानाजीराव यांच्याकडे फाइल मंजुरीला गेली आणि सकाळी पेनड्राइव्हवर परत आली. मी कमांड दिली. पहिल्या ओळीवर एरर.

"तानाजीराव, फाइलमध्ये काय केलंत?"

"काय न्हाय. फकस्त मानपानाचं बघितलं. संचालक मंडळ पार तळाला हुतं, मॅडम. सायबांचं नाव वर घेतलं."

"कारखान्याच्याही वर?"

"मग? निमंत्रणपत्रिकेत तसंच असतंय की."

कालची फाइल चालवते म्हटलं, तर त्यांनी हात आडवा घातला. मंजूर फाइल हीच. साहेबांना खाली घ्यायचं तर साहेबांनाच विचारा.

विचारायला जावं लागलं नाही. हंगामाच्या पहिल्या उसाचं मोळीपूजन आटोपून कपाळभर कुंकू लावलेले साहेब स्वतःच आले, मागं संचालकांचा घोळका. त्यांनी स्क्रीनवरची एरर मोठ्यानं वाचली.

"पेरेंट डज नॉट एक्झिस्ट. म्हंजे? मला आईबाप न्हाईत म्हणतंय व्हय ह्ये?"

मला हसू येत होतं, ते दाबून मी समजावलं.

"साहेब, आधी कारखाना आणि मग तुम्ही, असं म्हणतंय."

"बरोबर हाय की. कोण न्हाय म्हणतंय?"

"मंजूर फाइल."

साहेबांनी तानाजीरावांकडे बघितलं. तानाजीरावांनी कॅलेंडरकडे.

"पर नाव वरच ऱ्हायला पायजे," साहेब जरा दमानं म्हणाले. "चार लोक बघत्यात."

तेवढ्यात एका ट्रॅक्टरवाल्यानं खिडकीतून डोकं घातलं. "ओ पावणं, काटा चालू करताय का ऊस रसवंतीवाल्याला घालू?"

मला खरंच राग आला. बाहेर ऊस वाळतोय आणि आत पत्रिका छापायचं काम चाललंय. त्या रागातच सुचलं. अशा फाइलमध्ये ओळीच्या आधी हॅशची, म्हणजे जाळीसारखी एक खूण टाकली की ती ओळ फक्त माणसांनी वाचायची असते. टूल ती वाचतच नाही. मी सगळ्यात वर ती खूण टाकली आणि पुढं साहेबांचं नाव सगळ्या बिरुदांसकट लिहिलं. त्याखाली कारखाना, आणि साहेबांची खरी ओळ परत तळाला, संचालक मंडळात.

"ही जाळी कशाला?" तानाजीरावांनी विचारलं.

"मानाची खूण आहे."

"झकास दिसतंय," साहेब म्हणाले.

व्हाइस चेअरमननी घसा खाकरला. "मॅडम, आमाला पण एक जाळी." मग काय, अख्खं संचालक मंडळ जाळ्या लावून वर चढलं.

"आता तळाची नावं काढा," तानाजीराव म्हणाले. "दोनदा कशाला?"

"तिथं नाव नसेल तर साहेबांचं लॉगिन होणार नाही."

"वर हाय की!"

मी काढली. कमांड दिली. फाइल एका दमात चढली, काट्यावरच्या क्लार्कनं लॉगिन केलं आणि पहिली ट्रॉली वजनाला लागली.

हंगाम पार पडला. डेटाबेसच्या लेखी कारखान्याला चेअरमन नव्हता, संचालकही नव्हते. ऊस मोजला गेला, साखर निघाली, पगार झाले. लॉगिन होत नाही अशी वरून एकही तक्रार आली नाही.

पुढं निवडणूक होऊन दुसरे साहेब आले. तानाजीरावांचा फोन आला.

"मॅडम, वरचं नाव बदलायचं हाय. काटा बंद ठेवायला लागंल काय?"

"काही गरज नाही," मी म्हटलं. "त्या ओळीवाचून तिथलं काहीच अडत नाही."