बोलता कागद

माझ्या सासूबाईंना, सुमतीबाईंना, जुन्नरच्या पेठेत सगळे ओळखतात. आमच्या कापडदुकानात गादीवर बसून त्यांनी जन्मभर साड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या टाचल्या. त्यामुळे मोबाईलवरची फाईल जोडायची खूण त्यांना टाचणीच वाटते. "चेतना, टाचणी मार आन् खुशबूला पाठव," असं त्या म्हणाल्या की माझं डोकं फिरतं.

खुशबू म्हणजे माझी धाकटी जाऊ. पुण्यात राहते, सणाला येते, पाहुणीसारखी जेवते आणि जाते. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा मी सांभाळते. पण दुकानात नव्या साड्यांचा गठ्ठा फुटला की पहिले फोटो खुशबूला. पापड लाटतानाचा व्हिडिओ खुशबूला. तिथींच्या पंचांगाची पीडीएफसुद्धा तिलाच! सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पाठवायचं काम माझ्याकडे. जळायचंही मीच आणि पाठवायचंही मीच.

त्यांच्या लेखी सगळ्या फाईली म्हणजे कागद. फोटो साधा कागद, व्हिडिओ हलता कागद, आवाज भरून पाठवतात तो बोलता कागद. एकदा मी विचारलंच, "मम्मी, मला नाही कधी पाठवलात एखादा?"

"तू तर घरातच हायेस की. तुला गं कशाला?"

त्या दिवशी माझ्या हातून भाजीत मीठ जरा जास्तच पडलं.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आम्हा जैनांत सगळ्यांची क्षमा मागतात. कमळाच्या चित्रावर 'मिच्छामि दुक्कडम' लिहिलेला फोटो मी त्यांच्या फोनवरून सगळ्यांना पाठवला, अगदी दूधवाल्यालाही. मी समोरच होते. गॅसपाशी येऊन त्यांनी हात जोडले, "चेतना, मिच्छामि दुक्कडम. दूध उतू चाललंय बघ." मी गॅस बंद करेपर्यंत माझी क्षमा मागून झाली होती.

मग त्या पलंगावर बसल्या. "खुशबूला बोलता कागद धाडायचाय." मी बटण दाबून धरलं.

"खुशबू," त्या म्हणाल्या, "माझ्याकडनं बोलण्यात काही उणं-अधिक झालं आसंल तर मनात ठिवू नको. मी फटकळ हाय. पण तुझ्यावर लई जीव हाय माझा, बेटा." मला त्यांनी कधी बेटा म्हटलेलं नाही.

तो कागद मी खुशबूला पाठवला, आणि मग माझ्या फोनवरही घेतला. तिनं उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र टाकलं आणि मोकळी झाली. माईकची खूण अजून निळी झालेली नाही, म्हणजे तिनं तो ऐकलाही नाही.

मी ऐकते. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ओट्यापाशी उभी राहून ऐकते. पहिला शब्द माझा नाही. आवाजाच्या रेघेवरचा ठिपका तेवढा बोटानं पुढं सरकवते, आणि मग ऐकते.