साळू नाचणार नाही

११ नोव्हेंबर २०२४ रोजी बागायतदार दादासाहेबांनी सारजाच्या हातावर ५०१ रुपये इसार ठेवला. एप्रिलात पुतण्याचं लग्न होतं आणि वरातीत सारजाची घोडी साळू नाचायला हवी होती. कळंबच्या आसपास वरातीची घोडी म्हटली की लोक सारजा आणि तिचा नवरा बिरदेव यांचंच नाव घेत. हलगी कडाडली की साळू पुढचे दोन्ही पाय उचलून नाचायची आणि लोक तिच्या तोंडावरून नोटा ओवाळायचे.

हंगामातल्या पहिल्याच वरातीनंतर साळूचा पुढचा डावा पाय सुजला. डॉक्टर म्हणाले, डांबरावर अशीच नाचत राहिली तर कायमची लंगडेल. सारजाने तिथेच नाच बंद केला.

"मग खायाचं काय?" बिरदेवने विचारलं.

"चालून खाईल. नाचल्याबगर घोडं घोडं न्हाय व्हय?"

सारजा मूळची कऱ्हाटी गावची, मेंढपाळाची लेक. तिचा बाप दरवर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि ती सामानाच्या तट्टावर बसून जायची. घाटात पाय जपून टाकणारं, भिऊन न बिथरणारं तट्टू हेच तिच्या लेखी चांगलं जनावर होतं. नाच तिने सासरी आल्यावर पाहिला.

अडचण हलगीची होती. हलगी ऐकली की साळूचे पाय आपोआप उचलले जात. पायाची सूज उतरल्यावर सारजाने बिरदेवला रोज संध्याकाळी गोठ्यासमोर हलगी वाजवायला बसवलं. साळूचे चारही पाय जमिनीवर टेकलेले असतील तरच भरड्याचं घमेलं पुढे सरकायचं. पहिले काही दिवस घोडी नाचत राहिली आणि उपाशी राहिली. मग तिला समजलं. शेजारची चंद्राबाई कुंपणावरून म्हणायची, "सारजे, तुझ्या घोडीला जेवायला बी वाजंत्री लागती का गं?"

फेब्रुवारीत इंदापुरात घोड्यांचं प्रदर्शन भरलं. त्यात त्या वर्षी पहिल्यांदाच हंटर गट ठेवला होता. शिकारीच्या घोड्यांवरून हे नाव आलं. यात शर्यत नसते, नखरा नसतो. घोडं लांब आणि सरळ चालावं, लयीत दुडकावं, दौडतानाही हाताबाहेर जाऊ नये. शेवटी परीक्षक स्वतः वर बसून खात्री करून घेतात. प्रदर्शनाचा खजिनदार म्हणून प्रवेशाच्या टेबलावर मी होतो. सारजा साळूचं नाव नोंदवायला आली.

"स्वार कोण? बिरदेव?" मी विचारलं.

"मीच."

"साडीवर?"

"साहेब, कोकणात जाताना आमी काय पँट घालून जात हुतो?"

नियमात हेल्मेट होतं, पोशाखाचं काही नव्हतं. तिने पदरावरून हेल्मेट बांधलं, कासोटा घट्ट केला आणि रिंगणात गेली. इतर घोडी उंच, तुकतुकीत होती. साळू बुटकी, पोटाला जरा सुटलेली. पण चालायला लागल्यावर तिची मान सैल पडली आणि पावलं लांब पडू लागली. पुण्याच्या परीक्षक विनयाबाई हातातला कागद खाली करून बघत राहिल्या. मग त्या स्वतः साळूवर बसल्या.

बक्षिसं दादासाहेबांनी दिलेली होती, त्यामुळे ते मंचावर पहिल्या खुर्चीत होते. स्वागतासाठी आणलेल्या हलगीवाल्याला त्यांनी खूण केली. "वाजव जरा. आमच्या वरातीची घोडी हाय ती. पावण्यांना दाव."

हलगी कडाडली. बिरदेवने डोळे मिटून घेतले. साळू दुडकता दुडकता थांबली, चारही पाय रोवून उभी राहिली आणि मान थेट जमिनीला लावून घमेलं शोधू लागली. विनयाबाई मानेवर घसरता घसरता वाचल्या.

"दादासाहेब, घोडी उपाशी हाय," मागून कोणीतरी बोललं आणि मांडव हसला.

"हे काय?" विनयाबाईंनी खाली उतरून विचारलं.

"हलगी वाजली की ती जेवती, बाई. म्याच शिकवलंय."

"मध्येच थांबली. गुण कापावे लागतील."

"कापा. पर नाचली न्हाय, एवढं बी लिवा."

साळू चौथी आली. बक्षिसं तीनच होती.

पाण्याच्या टाकीपाशी दादासाहेबांनी सारजाला गाठलं. "सारजा, चारचौघांत हसं केलंस माझं. एप्रिलात काय करणार हाईस?"

"पुतण्याला बसवून गावभर न्हेईन. चालत."

"चालवत न्ह्यायला माझ्याकडं ट्रॅक्टर हाय."

सारजाने कनवटीची गाठ सोडली आणि पाचशेची नोट व वरचा रुपया पुढे केला. "मग हे घ्या तुमचं."

"पैसं कुणी मागितलं? म्या नाचाचा इसार दिलाय, नाच घीन."

"त्यो मिळणार न्हाय."

"बघू. तुझ्या घोडीला या भागात कोण बोलवतं ते बी बघू." ते गाडीत बसले. सारजाने नोट पुन्हा कनवटीला लावली आणि साळूला पाणी दाखवलं.

एप्रिलात दादासाहेबांच्या पुतण्याची वरात दुसऱ्या घोडीवर निघाली. त्या हंगामात साळूला बोलावणी कमी आली, पण आली. एक नवरदेव तर घोड्याला भिणारा होता, त्याच्या आईने मुद्दाम हीच घोडी मागितली. सारजाच्या घरावर बिरदेवने रंगवलेली पाटी आहे: "वरातीसाठी घोडी मिळेल. नाचत नाही."

इसाराचे पैसे तिने दोनदा दादासाहेबांच्या घरी पाठवले. दोन्ही वेळा ते परत आले. दादासाहेबांचे ५०१ रुपये सारजाकडे अजून बाकी आहेत.